मोहनसिंगाच्या दाराला शिवी नाही

साखऱ्याच्या शिवारात, माळाच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा एक तांडा आहे आणि त्या तांड्यात मोहनसिंगाची पिठाची गिरणी. मोहनसिंग हे नाव मी तुम्हाला सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं. तांड्यात जाऊन ‘मोहनसिंगाचं घर कुठं’ असं विचारलं असतं, तर लोकांनी डोकं खाजवून तुम्हाला सरळ जवळच्या पुसेगावला पाठवलं असतं. ‘लंगड्याची गिरणी’ म्हटलं की मात्र रांगतं लेकरूसुद्धा बोट दाखवायचं. लहानपणी पोलिओनं डावा पाय वाळला, तेव्हापासून आई लंगड्या म्हणे, मामा लंगड्या म्हणे. बायको जमनाबाई रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव घेत नव्हती, पण रागावली की लंगड्या म्हणायची, आणि ती बहुतेक वेळ रागावलेलीच असायची.

मोहनसिंगाला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटलं ते त्याची पोरगी सुनिता शाळेत गेली तेव्हा. नव्या मास्तरनं विचारलं, "बापाचं नाव काय गं?" पोरगी छाती काढून म्हणाली, "लंगड्या." वर्गातलं एकही पोरगं हसलं नाही, कारण सगळ्यांच्या मते उत्तर बराबर होतं. हसला तो एकटा मास्तर.

संध्याकाळी सुनितानं हे घरी येऊन सांगितलं आणि मास्तर काहून हसला, असं बापालाच विचारलं. मोहनसिंगानं हातातला भाकरीचा घास ताटात ठेवला. पोरीनं चेष्टा केली असती तर त्यानं दोन रपाटे घातले असते. पण तिला खरंच वाटत होतं की बापाचं नाव तेच आहे. रात्रभर तो कूस बदलत राहिला. पाय गेला तेव्हा तो लहान होता, त्याला काही कळलं नव्हतं. आता मात्र नाव गेलेलं चांगलं कळलं.

त्याच सुमाराला हिंगोली नवी नवी जिल्हा झाली होती. साहेब नवे, खुर्च्या नव्या, त्यामुळं मेळावेही उठसूट होत. अपंगांच्या मेळाव्याला मोहनसिंग गेला. तिथं एका साहेबानं माईकवर सांगितलं की लंगडा, आंधळा, बहिरा असं कोणी कोणाला म्हणायचं नाही, हा माणसाचा अपमान आहे, अपंग म्हणायचं. मोहनसिंगानं टाळ्या वाजवून तळहात लाल करून घेतले आणि जीपच्या टपावर बसून तांड्यात परत आला तो थेट भीमसिंग नाईकाच्या दारात. तांड्यात नाईकाचा शब्द शेवटचा.

"नाईक, ह्या शब्दांवर बंदी घाला. जो बोलंल त्याला दंड लावा."

लिंबाखाली बैठक बसली. पहिला उठला प्रेमदास, त्याला एकच डोळा. तो तर तापलाच होता. "मला काणा म्हणायचं न्हाई? मग मला ओळखायचं कसं? तो दुसरा प्रेमदास दारू पिऊन रोज कोणाशी तरी भांडते. त्याची भांडणं माह्या दारात येतील ना! माहा डोळा, माहं नाव, मला काहीच तकलीफ न्हाई."

"तुला चालत असंल," मोहनसिंग ओरडला, "मला न्हाई चालत!"

"ते तर दिसूनच राहिलं," मागून कोणीतरी म्हणालं आणि बैठक हसून हसून आडवी झाली.

मोहनसिंग मात्र हसला नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "माह्या पोरीला माहं नाव माहीत न्हाई, नाईक." हसू जरा ओसरलं. भीमसिंग नाईकानं मिशीवरून हात फिरवला. असले शब्द जो बोलेल त्यानं सगळ्या तांड्याला चहा पाजायचा, असा दंड ठरला. "तर मंडळी," नाईक उठून म्हणाला, "लंगड्याच्या म्हणण्यावरून आजपासून..." आणि पहिला चहा नाईकालाच पाजावा लागला.

पुढं काय झालं विचारू नका. लोकांनी साहेबाचा शब्द उचलला, सूर तोच ठेवला. "ए अपंग, दळण झालं का रे?" मोहनसिंग पुन्हा नाईकाकडं. मग तोही शब्द बंद. आता लोकांच्या हातात काही उरलं नाही. मोहनसिंग म्हणायची कोणाच्या जिभेला सवय नव्हती, म्हणून ते त्याला ‘ते हे’ म्हणू लागले. मोठी माणसं ‘अहो’ म्हणू लागली, तेव्हा जमनाबाई पदरात तोंड घालून हसली. पुढं पुढं तर तो लिंबाखाली येताना दिसला की गप्पाच बंद व्हायच्या. चुकून काही निघालं तर चहा कोण पाजणार? माणसं आभाळाकडं बघत बसायची, जसं काही ढग मोजायला ठेवलेत. मोहनसिंग घटकाभर बसायचा आणि उठून गिरणीत जायचा.

तशात होळी आली.

तांड्याची होळी म्हणजे बायांचं राज्य. हातात काठ्या घेऊन, डफाच्या तालावर गात गात बाया दारोदार जातात, घरधन्याला नावानिशी शिव्या घालतात, काठीचे दोन तडाखे देतात आणि गूळ-खोबरं घेऊन पुढं सरकतात. वर्षभर नाईकासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई त्या दिवशी नाईकाच्या सात पिढ्या गाण्यात उद्धरते आणि नाईक खुशीत मिशा पिळतो. शिवी पडली म्हणजे घर नांदतंय. ज्या घरात त्या वर्षी कोणी मेलं असेल, तेवढंच घर सोडतात.

मोहनसिंगानं सकाळीच अंगण झाडून घेतलं, ताटात गूळ काढून ठेवला, नवा सदरा घातला. दरवर्षी त्याच्या दारात हमखास हशा पिकायचा. त्याच्या पायावर पंचफुलानं, म्हणजे त्याच्या चुलत भावजयीनं, अशी काही गाणी रचली होती की बाया डफ टाकून पोट धरायच्या. डफ जवळ आला. शेजारच्या दारात शिव्यांचा पाऊस पडला. मोहनसिंग उंबऱ्यात सावरून उभा राहिला. आणि बाया माना खाली घालून, डफ थांबवून, त्याच्या दारावरून गुपचूप पुढं गेल्या. पलीकडच्या दारात डफ पुन्हा सुरू झाला.

जमनाबाई बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला. "आग लागो! आपल्या घरी कोण मेलं?"

मोहनसिंगानं हातातल्या ताटाकडं बघितलं. गुळावर माशा बसून राहिल्या होत्या. कोण मेलं ते त्याला समजलं. त्यानं ताट आपटलं, काठी उचलली आणि ठेचकाळत, धापा टाकत बायांच्या मागं पळाला.

"थांबा! माह्या दाराला शिवी काहून न्हाई?"

पंचफुला डफ बगलेत धरून वळली. "कशी घालू? तुह्या सगळ्या गाण्यात तोच एक शब्द. त्याच्यावर तूच तर बंदी आणली. रात्री बसून लई डोकं खाजवलं, पण तो शब्द काढला की गाण्यात मागं काहीच राहत न्हाई."

"काहीच न्हाई?" मोहनसिंगाचा आवाज चिरकला. "अगं, एक पाय सोडून सगळा माणूस हाय ना मी! त्यात शिवी द्यायसारखं काहीच न्हाई?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. पुरुषही दारादारातून बघत होते. मोहनसिंगाला वाटलं, धरणी फाटावी आणि गिरणीसकट आपल्याला पोटात घ्यावं.

तेवढ्यात मागून जमनाबाईचा आवाज आला. "हाय की! लई हाय!" तिनं पंचफुलाच्या बगलेतून डफ ओढला, पदर खोचला आणि होळीत सगळं माफ असतं म्हणून नवऱ्याच्या नावानं सुरुवात केली:

"मोहनसिंग, मोहनसिंग, झोपेचा राजा,
डोळा लागला की गिरणीचे वाजती बारा गं!
दळण घेऊन उभ्या बाया, लाईट गेली म्हणतो,
हॉटेलातला बल्ब बघा याला बघून हसतो गं!"

आणि हशाचा जो दणका उठला! कारण हे सगळ्यांना माहीत होतं. मोहनसिंगाला डुलकी आली की तो आतून बटण बंद करायचा आणि दारात येऊन "लाईट गेली" म्हणायचा. समोरच्या हॉटेलात रेडिओ वाजत असायचा, बल्ब जळत असायचा, आणि बाया डबे घेऊन परत जायच्या.

"मला तीन खेटे घालायला लावले ह्या मुडद्यानं!" पंचफुला किंचाळली. "म्हटलं जाऊ दे, लंगडा जीव, दमत असंल..."

"चहा!" सगळा तांडा ओरडला.

"पाजते चहा! पण आता तो शब्द न्हाई, तर ही माफीबी न्हाई!" म्हणत तिनं मोहनसिंगाच्या पाठीत काठी हाणली. मग सगळ्याच बाया सुटल्या. कोणी म्हणे मोहनसिंग घोरतो, कोणी म्हणे मोहनसिंग पालीला भितो, कोणी म्हणे टकलाला तेल चोपडतो. जी ती त्याचं नाव घेऊन बडवत होती आणि मोहनसिंग दोन्ही हातांनी डोकं झाकून "अजून! अजून!" म्हणत होता. पाठ सुजली, सदरा फाटला. इतकी वर्षं शिव्या त्याच्या पायानं खाल्ल्या, आजच्या शिव्या पहिल्यांदा त्यानं स्वतः कमावल्या होत्या. सुनिता तर बायांच्या घोळक्यात शिरून उड्या मारत आईचंच गाणं म्हणत होती.

होळीनंतर मास्तर दळण घेऊन गिरणीत आला. सुनिता उंबऱ्यात बसली होती. मास्तरला जुनी गंमत आठवली. डबा खाली ठेवून त्यानं विचारलं, "काय गं सुनिता, बापाचं नाव काय?"

"मोहनसिंग."

"असं का? आणि मोहनसिंग करतो काय?"

"लाईट घालवतो."

मास्तर पोट धरून हसला, ओळीत उभ्या बायाही हसल्या. आत मोहनसिंगाचा हात नेमका बटणावर गेला होता, कारण दुपार झाली होती आणि डोळे जड झाले होते. तो हात त्यानं मागं घेतला. डोळे भरून आले होते, ते त्यानं डोळ्यात पीठ गेल्याचं निमित्त करून पुसले. मग त्यानं मास्तरचा डबा उचलला आणि गहू गिरणीत ओतले.