रंगनाथकाकांचा फ्लेक्स

माहेरी दोन दिवस काढून मनमाडहून परतले, तर द्वारका चौकाजवळच्या आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर शेजारचे रंगनाथकाका फ्लेक्सवर. गळ्यात छापील हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली शोकाकुल मंडळी. त्यात आमचे शेखररावही.

घरात शिरण्याआधी काकांचं दार वाजवलं. आतून खोकला आला, मागोमाग नेहमीचा किरकिरा आवाज. ताप आहे, दूधवाल्याला सांगा उद्यापासून नको. मेलेला माणूस दूध बंद करत होता.

शेखरला धारेवर धरलं तेव्हा उलगडा झाला. काकांच्या कडीला दुधाच्या पिशव्या तशाच लटकलेल्या दिसल्या म्हणून कुणीतरी बिल्डिंगच्या ग्रुपवर 'काका गेले वाटतं' असं लिहिलं. पुढच्याने 'वाटतं' वाचलंच नाही, थेट हात जोडले. मग हात जोडणाऱ्यांची रांगच लागली. कोपऱ्यावरच्या लखनला यंदा नगरसेवक व्हायचंय, त्याने दुपारपर्यंत फ्लेक्स ठोकला. दार मात्र एकानेही वाजवलं नाही.

"ते कुठे कुणाला उघडतात," शेखर म्हणाला.

उघडत नाहीत हे खरंच. चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय, पण मी त्यांचं घर आतून पाहिलेलं नाही. म्हणून काय जिवंत माणसाला हार घालायचा? लखनला फोनवर इतकं झाडलं की तो वहिनी, वहिनी करत फ्लेक्स उतरवायला धावला. पण तोवर फ्लेक्सचा फोटो काकांच्या बहिणीच्या गावी, येवल्याला पोचला होता.

संध्याकाळच्या एसटीने काकांची धाकटी बहीण आली, कुसाबाई. गुडघ्यावर हात टेकत, रडत जिना चढली. हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बहिणीने आणलेली. मी तिला दारातच धरलं आणि भाऊ जिवंत असल्याचं सांगितलं. ती पायरीवर मटकन बसली, पुन्हा रडली, डोळे पुसले आणि निघाली.

निघाली कुठे, तर परत. का, ते तिनेच सांगितलं. काका भाचीच्या लग्नात मामा म्हणून उभे राहायला गेले नव्हते, कुठलं तरी मानपानाचं खुसपट काढून. तेव्हा हिने शपथ घेतली होती की तू मेल्याशिवाय तुझ्या उंबऱ्यात पाय टाकणार नाही. आता भाऊ जिवंत, म्हणजे शपथही जिवंत. तिचे गुडघे बघून मला कळत होतं की ही पुन्हा यायची नाही. आली तर काकांच्या खऱ्या मयतालाच.

मी तळहाताने दार बडवलं. कुसाबाई आल्यात, परत चालल्यात, असं ओरडून सांगितलं. आतून पावलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. बहीण बाहेर हुंदके देतेय आणि हा माणूस कडीशी उभा राहून ऐकतोय! माझं टाळकंच सटकलं. वडीलधाऱ्यांना जे बोलू नये ते सगळं मी बोलले, आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

कडी निघाली. बनियन, कानाला मफलर, वाढलेली दाढी.

"ये आत, कुसे," काका म्हणाले, जणू उपकारच करत होते.

"नाय. शपथ हाय."

"मग मी काय करू?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी तो विचारच केला नव्हता. कुसाबाई वळली. आता तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"शपथ माझी व्हती रे रंगा, तुझी नव्हती. तुला येवल्याला यायला कोणी अडवलं व्हतं?"

चौकट धरून काका अनवाणीच उंबऱ्याबाहेर आले आणि तिच्या पायांशी पायरीवर बसले.

ती मात्र बराच वेळ उभीच राहिली.