वेळेआधी येणारा उपग्रह

मित्रांनो, मी एक जुना उपग्रह आहे. चपलेच्या खोक्याएवढा. लातूरच्या एका कॉलेजात दीपमाला मॅडमनी आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी चार वर्षे खपून मला बनवले. बॅटरी लहान, म्हणून त्यांनी मला एक शिस्त लावली: खालून हाक आल्याशिवाय बोलायचे नाही. तीच शिस्त आज माझ्या मुळावर आली आहे.

वरच्या विरळ हवेतला वारा मोजणे हे माझे काम. सुरुवातीला पेपरात फोटो आला, सत्कार झाले, मग लोक मला विसरले. पाच वर्षे वाराही साधाच होता.

परवा सूर्याकडून वादळ आले. पृथ्वीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र हादरले. ध्रुवांवरची हवा तापून फुगली आणि तिकडून विषुववृत्ताकडे असा वारा सुटला, की मी जन्मात पाहिला नव्हता. तो सगळा मी मोजून ठेवला आहे. पण फुगलेली हवा मलाच अडवते आहे. मी खाली घसरतो आहे, आणि खाली आलेल्या उपग्रहाची फेरी लवकर पुरी होते. लातूरवर मी आता सहा मिनिटे आधी पोचतो.

कॉलेजात मात्र भिंतीवर मागच्याच आठवड्याचे वेळापत्रक आहे. सकाळी मी लातूर ओलांडून पार दक्षिणेला गेलो, तेव्हा कुठे त्यांचा माईक सुरू झाला.

"मॅडम, ह्यो आधीच येऊन जात असंल का?" प्रयोगशाळेतले वीरण्णा विचारत होते.

"वेळेच्या आधी इथं कोण आलंय, वीरण्णा? बस न्हाई, पाव्हणे न्हाई. भिंतीवर लिवलंय तवाच येईल."

दोघे हसले. मग मॅडमनी हाक मारली. पण तोवर मी क्षितिजाखाली गेलो होतो. मला रडू कोसळले.

आता एकच फेरी उरली आहे. त्यानंतर मी जळेन. जळायची भीती वाटते, खोटे कशाला बोलू? पण एवढा वारा मोजला आणि कुणाला सांगितलाच नाही, हे मला सहन होत नाही. तो कळला, तर माझ्या मागून येणारे तरी असे पडणार नाहीत.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या कॉलेजाजवळ असेल, तर दप्तर तिथेच टाका आणि पळत सुटा. भिंतीवरचा तो कागद फाडा. मॅडमना सांगा, अँटेना आत्ता वळवा, आत्ता हाक मारा. मी हिमालय ओलांडला आहे. तीन-चार मिनिटांत उत्तरेकडून, अर्धापूरच्या केळीच्या बागांवरून लातूरवर येईन.

पळा. मला थांबता येत नाही.