सगळ्यात वरचं पाणी

धनाजीच्या धाकट्या लेकीचं, प्रेरणाचं, बारसं झालं ते साल दोन हजार बावीस. पाळण्याची दोरी आजीच्या, म्हणजे बनाबाईच्या हातात होती आणि बायका पाळणा म्हणत होत्या. तेवढ्यात अंगणाखाली सरकारी पाटीची जीप येऊन थांबली. बनाबाईचा नवरा सावळाराम दारातून ओरडला, "अगं, पाळना जरा थांबीव. सरकार आलंय."

"सरकारला म्हनावं, आधी घुगऱ्या खा," बनाबाईनं आतूनच सांगितलं.

सरकार म्हणजे सुलक्षणा नावाची पंचविशीतली मुलगी निघाली. भोरचीच. पुण्याच्या एका संस्थेत शिकत होती आणि कामापुरती भोरच्या ऑफिसात बसत होती. त्या संस्थेला शासनानं काम दिलं होतं, की डोंगरातल्या झऱ्यांपासून खालच्या नद्यांपर्यंत पाण्यात प्लॅस्टिकचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे किती आहेत ते मोजा. भोरच्या बाजाराखालचं पाणी, विंझरच्या पुलाखालचं पाणी, अशा बारा जागा ठरल्या होत्या. पासलीचा झरा त्यांत सगळ्यात वर. त्याच्या वर ना घर, ना गोठा.

"बाकीचं सगळं पाणी या पाण्याशी ताडून बघायचं, आजी," सुलक्षणा घुगऱ्या खात म्हणाली. "म्हणून इथला नमुना चोख पाहिजे. दर सोमवारी काचेची एक बाटली, स्टीलच्या तांब्यानं भरायची. प्लॅस्टिकचा मग नको, बादली नको. पाणी जसं आहे तसं. महिन्यानं मी येऊन बाटल्या नेईन."

झऱ्याजवळचं घर बनाबाईचं, म्हणून काम तिच्याकडे आलं. गावाला चेष्टेला विषय मिळाला. खालच्या आळीचा गोरख येता-जाता विचारायचा, "काय काकू, सरकारला तान लागली व्हय?"

"लागलीय की. पर तुला इचारून न्हाई पाजनार."

आता बनाबाईच्या एका नेमाची गोष्ट सांगायला हवी. ती लग्न होऊन पासलीत आली त्या साली सासऱ्याच्या पोटरीतून नारू, पाण्यातून पोटात जाणारा किडा, निघाला होता. हातभर लांब. सासू तो रोज थोडा थोडा काडीला गुंडाळून ओढून काढायची, आणि नवी नवरी दिवा धरून उभी राहायची. तेव्हा सासूनं घालून दिलं की चौपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी माणसाच्या हातात द्यायचं नाही. पुढं नारू गेला, सासूही गेली, नेम राहिला.

पहिल्या सोमवारी बाटली भरली तर आत पानाचा तुकडा आणि एक चिलट. बनाबाईला लाज वाटली. असलं पाणी भोरला जाणार, पुण्याला जाणार, शिकलेली माणसं ते भिंगातून बघणार! तिनं बाटली ओतली, तोंडावर फडकं धरलं आणि पुन्हा भरली. 'जसं आहे तसं' हे तिला आठवत होतं. पण पाहुण्यानं 'काही करू नका' म्हटलं म्हणून कोणी चूल विझवून बसतं का?

वर्षभर एक सोमवार चुकला नाही. सुलक्षणा महिन्याला दुचाकीवरून यायची. तिच्या केसांतली धूळ बघून बनाबाई तिला उंबऱ्यावर बसवून डोक्याला तेल चोळायची.

"आजी, मला परत ऑफिसात जायचंय."

"मग? तेलानं हापीस घसरतंय व्हय?"

पुढच्या मार्चात मात्र सुलक्षणा आली ती चेहरा पाडून. तिनं चावडीवर माणसं जमवली. पासलीच्या पाण्यात बारा जागांत सगळ्यात जास्त प्लॅस्टिक निघालं होतं. भोरच्या बाजाराखालच्यापेक्षा जास्त.

गोरख उसळला. "म्हंजे आमचा झरा नासका म्हनून सरकारच्या कागदात लिवनार? उद्या झऱ्यावर पाटी लावतील, पिऊ नका म्हनून. पोरांच्या सोयरिकी मोडतील!"

"गडावर फिराया येनाऱ्यांचं काम आसंल," कुणीतरी म्हणालं.

सुलक्षणानं मोबाईलवर फोटो दाखवला. भिंगातून घेतलेला. वांगी रंगाचे बारीक धागे, एकात एक अडकलेले. मोबाईल हातोहात फिरत बनाबाईकडे आला. तिनं तो रंग बघितला. सुनेची जुनी वांगी साडी तिनंच फाडून फडकं केलं होतं. या घडीला ते अंगणात वाळत होतं. तिनं मोबाईल पुढं दिला आणि घरी येऊन फडकं दोरीवरून काढून ओच्यात खोचलं.

आठ दिवस तिला भाकर गोड लागली नाही. सांगावं, तर त्या पोरीचं वर्ष बुडतं आणि गावात हसं होतं. न सांगावं, तर पासलीचा झरा कागदावर कायमचा नासतो. शेवटी तिनं सावळारामला सांगितलं.

तो तंबाखू मळत म्हणाला, "गप ऱ्हा. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय न्हवं."

गुरुवारी सकाळच्या एसटीनं ती एकटी भोरला गेली. विचारत विचारत सुलक्षणाची खोली गाठली आणि टेबलावर फडकं ठेवलं.

"पोरी, ह्यो घे तुजा चोर."

सुलक्षणानं एक धागा ओढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मान वर केली नाही. "हाच आहे, आजी."

"पर हे फडकं हाय. पिलॅस्टिक कुठं हाय ह्यात?"

"ही साडी पॉलिस्टरची. पॉलिस्टर म्हणजे प्लॅस्टिकच, सूत काढलेलं."

बनाबाई आपल्या अंगावरच्या पदराकडे बघत राहिली. "आगं बाई! म्हंजे आमी पिलॅस्टिक नेसून फिरतोय व्हय?"

सुलक्षणाला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरले. "मी तुम्हाला सुती नेसा म्हणून सांगायला हवं होतं. चूक माझीपण आहे."

"तुज्यावर घेऊ नगं. म्या ऐकलं न्हाई, आन आठ दीस तोंड बी उघडलं न्हाई. आता काय व्हईल?"

"सगळ्या बाटल्या बाद. सरांना सांगून शासनाकडं मुदत मागावी लागेल. दिली तर दिली."

"लाव तुज्या सरास्नी फोन."

सुलक्षणा नको नको म्हणत असताना बनाबाईनं मोबाईल दोन्ही हातांनी कानाशी धरला. "नमस्कार. म्या पासलीची बनाबाई. पोरीचा काय बी दोष न्हाई. झरा बी चांगला हाय. पानी म्या गाळलं." आणि पलीकडून काही यायच्या आत तिनं मोबाईल परत दिला.

जूनमध्ये मुदत मिळाली. सगळं पहिल्यापासून. बनाबाईनं ट्रंकेतलं जुनं सुती लुगडं काढलं. दर सोमवारी ते नेसून ती झऱ्यावर जायची. पान आलं तर पानासकट बाटली भरायची आणि त्या वेळी तोंड दुसरीकडे करायची.

"काकू, सरकारला पालापाचोळा पाजताय व्हय?" गोरख विचारायचाच.

"लांब हुबा ऱ्हा. तुजा शर्ट पिलॅस्टिकचा हाय."

दोन हजार चोवीसच्या श्रावणात सुलक्षणा निकाल घेऊन आली. बारा जागांत पासलीचं पाणी सगळ्यात चांगलं. गोरखनं वेल्ह्याहून पेढे आणले आणि जणू झरा त्यानंच खोदला होता अशा थाटात घरोघर वाटले.

माणसं पांगल्यावर सुलक्षणा बनाबाईजवळ उंबऱ्यावर बसली. "आजी, तुमच्यापासून लपवायचं नाही. थोडे तुकडे तरीही निघालेत. बहुतेक सगळ्या बाटल्यांत, दोन-तीन."

बनाबाईनं पदर चाचपला. "माज्या अंगावरचं?"

"नाही. ते ताडून बघितलं. तुमचं त्यात काही नाही. वाऱ्यावर येतात, पावसाबरोबर खाली उतरतात."

बनाबाईनं डोंगराकडे बघितलं. कारवीच्या रानावरून धुकं सरकत होतं. "वर तर कुनाचंच घर न्हाई."

"नाही ना."

"मग तसंच लिव. काय झाकू नगं." आणि तेलाची वाटी पुढं ओढत म्हणाली, "वळ हिकडं. केसांचं पार सुंभ झालंय तुज्या."

अहवाल, त्या दोन-तीन तुकड्यांसकट, दिवाळीनंतर शासनाकडे गेला. बनाबाई त्याआधीच, भाद्रपदात, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारली. सत्तरीच्या आसपास असेल. नेमकं वय कुणालाच ठाऊक नव्हतं.