लंकाबाईचा तांब्या

मी कारभारी मुकादम. पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर न्यायच्या, हेच काम तीस वर्षं केलं. माझा आवाज ऐकला की फडातला गडी हातातली बिडी टाकून कोयता उचलायचा. आता त्याच मुकादमाचं साध्या शिंकेनं धोतर वलं हुतंय. सांगायला लाज वाटती, पन सांगतो.

दोन वर्षांमागं प्रोस्टेटमधी कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला. पन लघवीवरचा ताबा गेला तो गेलाच. खोकलो की गळायचं, वाकलो की गळायचं, वजन उचललं तर इचारूच नका. आवळायचा-सोडायचा व्यायाम वर्षभर केला, काडीचा फरक न्हाई. शेवटी सावेडीतला डॉक्टर म्हनला, "हे आता आपोआप थांबणार नाही. दुसरं छोटं ऑपरेशन करू. लघवीच्या नळीभोवती एक पट्टा बसवायचा आणि त्याचा पंप खाली अंडाच्या पिशवीत. लघवीला लागली की पंप दाबायचा, पट्टा सैल होतो. दोन-तीन मिनिटांत तो आपला आपण आवळतो."

"पंप? तिथं?" मी खुर्चीतनं उठलोच. "मला काय रॉकेलचा स्टो समजला का काय?"

घरी आलो आन् बायकोला, रंगुबाईला, दम भरला, "पोरीला, पंकजाला, एक शब्द सांगशील तर याद राख." ती बिचारी माझी धोतरं उजाडायच्या आत धुवायची आन् गोठ्याच्या मागं वाळत घालायची. सहा महिने असंच चाललं.

मग नातवाचं, ओंकारचं, जावळ आलं. पोराचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढायचे असतात. पंकजा आमची एकुलती एक, तिला भाऊ न्हाई. म्हनून मामाच्या जागी मी. मढीला, कानिफनाथाच्या गडाखाली सतरंजी अंथरली, सोयरेधायरे जमले, गावच्या बायका टेम्पो भरून आल्या.

मोठ्या मानसाचं डायपर मिळतं, ते मी रोज बांधतो. त्या दिवशी न्हाई बांधलं. नाथाच्या दारात, शुभकार्याला, कंबरेला ती घाण घेऊन कसा बसू? सकाळपासून पान्याचा घोट घेतला न्हाई आन् वाटलं, भागलं. असली माझी अक्कल!

पोराचे केस भिजवायला पान्याचा तांब्या घेऊन लंकाबाई शेजारी बसली. ती बारा वर्षं माझ्या टोळीत हुती. तिला बघितलं की मला एकच दिवस आठवतो. टोळी घेऊन ट्रक निघाला हुता. हिनं केबिनवर थाप मारली, "मुकादम, जरा थांबवा, लघवीला जायचंय." मी वरडलो, "दाबून धर! गाडी काय तुझ्या बापाची हाय?" तिनं आनखी तीनदा थाप मारली. मी थांबवली न्हाई. चहाला थांबलो तवा ती खाली उतरली, लुगडं चिंब. मी सगळ्यांदेखत म्हनलो, "बघा रं, लंकाबाईनं गाडी धुतली!" टोळी खदाखदा हसली. तो आख्खा हंगाम तिनं मान वर केली न्हाई. आन् मला तवा काहीसुद्धा वाटलं न्हाई, हे खरं सांगतो.

न्हाव्यानं वस्तरा लावला. पोरगं बिथरलं, लाथा झाडायला लागलं. मी त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं, आन् तितंच घात झाला. मांडीखाली कोमट लागलं. थांबवायला गेलो, थांबेना. अरं देवा, पांढरंशिप्पट धोतर, समोर व्याही, जावई, सगळा गोतावळा.

केस झाले. आत्यानं पोराला उचलून घेतलं. मी दोन्ही हात पुढं घेऊन तसाच बसलो.

"नाना, उठा की, फोटो काढायचाय," पंकजा म्हनाली.

"उठतो."

जावयानं हात पुढं केला. "चला मामा."

"उठतो म्हनलं ना! कळत न्हाई का एकदा सांगून?"

सगळ्यांची नजर माझ्यावर. लंकाबाईनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, एकदा सतरंजीकडं. ती उठली, आन् हातातला तांब्या थेट माझ्या मांडीवर पालथा झाला.

"डोळं फुटलं का गं तुझं!" सवयीनं माझ्या तोंडून निघालंच.

"म्हातारी झाले बघा, हात कापतो," ती म्हनाली. बायका फिदीफिदी हसायला लागल्या. ती वाकली, माझ्या दंडाला धरलं आन् हळूच बोलली, "उठा मुकादम. आता कुनाला काय कळत न्हाई."

मी उठलो. फोटो निघाला. पंगत बसली तरी बायका तिला सोडीनात. "लंके, भाजी वाढू नको गं, पानात सांडशील!" ती खाली मान घालून जेवत हुती. अगदी त्या हंगामासारखी. मी ताट बाजूला सारलं. तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"लंकाबाई, त्या दिवशी ट्रकात... चुकलं माझं."

तिनं पदर सारखा केला. "व्हय. तवा माझ्यासाठी कुनी तांब्या सांडला न्हाई."

मला तोंड लपवावंसं वाटलं. पन लपवून लपवूनच तर हितवर आलो हुतो.

"पंकजा!" मी हाक मारली. माझा आवाज मुळातच मोठा, आख्ख्या पंगतीनं माना वळवल्या. "सावेडीच्या डॉक्टरची तारीख घे. मला लघवी धरवत न्हाई, ऑपरेशन करायचंय."

पंकजा वाढता वाढता थांबली.

"आन् हिला कुनी हसू नका," मी म्हनलो. "हिचा हात कापत न्हाई. तांब्या सांडायच्या आधीच माझं धोतर वलं हुतं."