तांदळासारखं पॉलिश

केशवराव मला ओळखणार नाहीत याची खात्री होती, आणि मला तेच हवं होतं. तुमसरच्या त्यांच्या राइस मिलच्या ऑफिसात मी शिरले ती भंडाऱ्याहून आलेली जुन्या नाण्यांची व्यापारी म्हणून. बाबुलालची पोरगी म्हणून नाही.

माझे बाबा तुमसर रोड स्टेशनवर तिकीट खिडकीत बसायचे. पगारातून संसार भागवून जे उरेल त्यात त्यांचा एकच शौक, राणीछाप चांदीचे रुपये. आठवडी बाजारात, सोनाराकडे, म्हाताऱ्या बायांच्या गाठोड्यांत शोधून शोधून त्यांनी ते जमवले. चांदी काळीनिळी पडलेली असायची. बाबा नाणं फक्त कडेनं धरायचे, फुंकर मारायचे आणि कापडात ठेवून द्यायचे. पुसत मात्र कधी नसत.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी ती विकायला काढावी लागली. ती घ्यायला केशवराव आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. सारा मोहल्ला गोळा झाला होता. मी चहा घेऊन उभी होते.

"ग्रेडिंग नाही, सर्टिफिकेट नाही, वरून माल काळा," ते म्हणाले. "बाबुलाल, तुले यातलं काही समजत नाही. भंगार जमवलं तू. वजनावर घेतो."

बाबांपेक्षा ते वयानं लहान होते, तरी सरळ 'तू'. बाबांनी मान डोलावली. दुसरा इलाज नव्हता. पण कापडाची गाठ त्यांच्या हाती देताना म्हणाले, "न्या जी, पण घासू नका. हा काळेपणा राहू द्या. यातच त्यायची किंमत आहे."

केशवराव लोकांकडं बघून हसले. मग लोकही हसले. त्या दिवसापासून बाबांना सगळे भंगारवाले बाबुलाल म्हणू लागले. बाबाही वरवर हसायचे, पण पुन्हा त्यांनी एकही नाणं हातात घेतलं नाही. भंगारवाले म्हणूनच गेले. मी हा धंदा शिकले तो त्या एका शब्दापायी. केशवरावांनी तो आपल्या तोंडानं मागं घ्यावा, एवढंच मला हवं होतं.

आणि आता ते आपला संग्रह विकायला काढतात म्हणून कानावर आलं. मी मनाशी पक्कं केलं की माल कितीही चोख असो, तोंड वाकडं करायचं आणि भंगार म्हणायचं, म्हणजे त्या शब्दाचा घाव त्यांनाही कळेल. खोटं बोलायच्या तयारीनंच मी घरून निघाले होते.

"या बाई, बसा," केशवराव म्हणाले. आता थकले होते, पण मिजास तीच. शेजारच्या टेबलावर त्यांचा मुलगा विक्की बसला होता. मिल आता तोच बघतो. "याले वाटते, बापानं पैसे चुलीत घातले. पाह्यजा अन् सांगा याले."

त्यांनी स्टीलचं ताट पुढं सरकवलं. रुपये नुसते लखलखत होते. काळेपणा कुठंच नव्हता. एक उचलला. राणीच्या हनुवटीखाली बारीक खाच. ती खाच बाबांनी मला लहानपणी दाखवली होती. तो बाबांचा रुपया होता, यात शंकाच नाही.

मी नाणं खिडकीकडं तिरपं धरलं आणि भिंग लावलं. चेहराभर बारीक ओरखडे, राणीच्या केसांची धार बोथट. दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. सगळ्यांची तीच गत.

"हे कायनं घासले जी?"

"कोंड्याच्या राखेनं!" केशवराव खुलले. "आपल्याच बॉयलरची राख. सारा माल काळाकुट्ट होता. मी स्वतः बसून एक एक चमकवला. तांदूळ कसा असते बाई? पॉलिश नाही केला त कोण घेते? भाव चमकण्याले असते."

माझं डोकं असं तापलं की ताट उचलून भिरकावावंसं वाटलं. पण मी भिंग खाली ठेवलं. आता खोटं बोलायची गरजच राहिली नव्हती.

"तांदळाले पॉलिशनं भाव येते. नाण्याचा जाते," मी म्हटलं. "ग्रेडिंगले पाठवा, घासलेलं म्हणूनच शेरा येईल. शौकीन माणूस हात लावणार नाही. आता उरली निव्वळ चांदी."

केशवरावांचा चेहरा उतरला. "नागपूरवाला व्यापारीही वजनावरच म्हणे. मले वाटलं, लुबाडून राहिला."

"तो खरं बोलला."

विक्कीनं खुर्ची वळवली. "बाबूजी, घासू नका म्हणून तुमाले कोणी सांगतलं नव्हतं काय?"

"कोण सांगन? कोणीच नाही."

"सांगतलं होतं," मी म्हटलं. "तुमसर रोडच्या बाबुलालनं. मी तिथंच चहा घेऊन उभी होती."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाबुलालजींची पोरगी का तू?"

त्या 'जीं'नं माझ्या अंगाची आग झाली. जिवंतपणी बाबांना तो कधी मिळाला नव्हता. "काय सांगतलं होतं ते तुमीच बोला. विक्कीले ऐकू द्या."

"घासू नका म्हणे." त्यांची नजर ताटावर गेली. "काळेपणातच किंमत आहे म्हणे."

"अन् तुमी काय म्हटलं?"

"भंगार म्हटलं."

"अजून?"

"तुले समजत नाही म्हटलं." त्यांनी ताटावरची नजर काढली नाही. "समजत त मलेच नव्हतं. भंगार म्या केलं, त्यानं नाही."

ऐकून मला बरं वाटलं. लाज न बाळगता सांगते, फार बरं वाटलं. बाबा असते तर त्यांनी केशवरावांची समजूत घातली असती. मी बाबांइतकी भली नाही.

"तुझ्या बापाचे आहेत," केशवराव ताट माझ्याकडं सरकवत म्हणाले. "वजनावर तरी ने."

क्षणभर हात पुढं झाला. त्या खाचेवर बोट ठेवावंसं वाटलं. मग मी पिशवी खांद्याला लावली.

"बापाचे होते ते तुमी घासून राखेत घातले," मी म्हटलं. "हे तुमचे आहेत. ठेवा."

मी दारातून बाहेर पडले तेव्हा विक्की ताटाकडं बघत नव्हता, बापाकडं बघत होता.