तीन हात सरकलेला सोनटक्का

मी एक जुना सोनटक्का आहे. वटार गावातल्या एका वाडीत, दोन भावांच्या मधल्या बांधावर माझी रांग होती. फुलं पांढरीशुभ्र, आणि वास असा की रस्त्याने जाणारा मान वळवून बघे. पण आज मी फुशारकी मारायला बसलेलो नाही. माझ्या पायी एक घर तुटलं, ते सांगतो.

मला जिजाआईने लावलं. जयराम आणि हरेश या तिच्या मुलांनी वाडी वाटून घेतली, तेव्हा हद्दीची खूण म्हणून तिने माझे कंद ओळीने पुरले. दोन्ही सुना माझी फुलं माळायच्या.

मित्रांनो, मला एक खोड आहे. माझा कंद जमिनीखाली ओलाव्याकडे वाढत जातो आणि मागचा भाग वाळतो. हरेशच्या मोरीचं पाणी बांधाजवळून वाहायचं, म्हणून दरवर्षी मी वीतभर त्याच्या बाजूला जायचो. जिजाआईला हे ठाऊक होतं. बहर सरला की ती खुरपं घेऊन यायची, मला खणून पुन्हा ओळीत लावायची आणि म्हणायची, "चल मेल्या, घरी चल."

मग ती पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि जयरामच्या ओटीवर तिने खाट धरली. फुलं सगळ्यांनी नेली, पण सहा वर्षं खुरपं कुणी हातात घेतलं नाही. मी तीन हात सरकलो.

एक दिवस हरेशने टेप लावून बघितलं आणि तो भडकला. "दादा, रांग माझ्या जागेत कशी आली? चोरून हलवलीस ना?"

जयराम त्याच्या अंगावर धावून गेला. खाटेवरून जिजाआई कळवळून सांगत होती, "अरे, कोनी नाय हलवला. सोनटक्का पान्याकडं आपसूक चालतो."

हरेश हसला. "झाडं चालतात होय? तू दादाचीच बाजू घेनार."

चोर मी होतो आणि मला तोंड नव्हतं. त्यानंतर हरेश ती ओटी चढला नाही. जिजाआई रोज विचारायची, "हरेश आला का?" माघात ती गेली. हरेश परस्पर स्मशानात आला आणि परस्पर परतला.

उन्हाळ्यात त्याने सरकारी मोजणीच्या रेषेवर भिंत घ्यायला काढली. पाया खणताना शत्रुघ्न गवंड्याने कुदळ थांबवली. मातीत माझे वाळलेले कंद गाठीला गाठ लागून पडले होते, जुन्या जागेपासून थेट नव्या जागेपर्यंत.

"शेठ, हा तर इथून चालत तिकडे गेलाय," शत्रुघ्न म्हणाला.

हरेश खाली बसला. एक गाठ हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. समोर ओटीवर जयराम होता, हाकेच्या अंतरावर. हरेशने हाक मारली नाही. उठून म्हणाला, "ओत काँक्रीट."

आता मी भिंतीलगत उभा आहे. फुलतो, पण फुलं कुणी तोडत नाही.

मित्रांनो, मला जरूर लावा, फक्त दरवर्षी खणून जागेवर आणा. आणि घरातलं म्हातारं माणूस झाडाबद्दल काही सांगत असेल, तर हसण्याआधी थोडी माती उकरून बघा. ते माणूस आहे तोवर बघा.