छापातली जाळी

नगरपालिकेला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून स्मरणिका निघणार होती. पालिकेतले प्रेमलाल बाबू आमच्याकडे आले ते छापाचा अर्थ विचारायला. छाप म्हणजे पालिकेची गोल मुद्रा: मधोमध विहीर, तिच्यावर चौकोनी जाळी, वरून वाकलेली धानाची लोंबी. ती माझ्या सासऱ्यांनी काढलेली. मामाजी तेव्हा शाळेत ड्रॉइंग शिकवायचे.

"लोंबी समजली. विहीर म्हणजे हट्ट्याची जुनी पायऱ्यायची बावली असंन," बाबू म्हणाले. "पण थे चौकोन काहून काढले गुरुजी? अध्यक्षायले वाटते, शेतातल्या धानाच्या बांध्या आहेत."

मामाजी मागच्या दाराकडे पाहत राहिले.

त्या दाराबाहेर वीस पावलांवर पालिकेची जुनी विहीर आहे. नळ आले आणि ती वापरातून सुटली. कठडा गुडघ्याएवढा, तोही एका बाजूनं ढासळलेला. माझी श्रिया साडेतीन वर्षांची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना माझा एक कान तिच्याकडेच असतो. आवाज थांबला की मी हातात विळी असली तरी तशीच धावते. श्रियाचे बाबा, रजत, म्हणतात, "तिले श्वास तरी घेऊ देशील का?"

बाबू गेल्यावर मामाजी बोलले. "हट्ट्याची नाही, वल्लरी. हीच विहीर आहे. ललिता हिच्यात गेली."

ललिता माझी नणंद. सहा वर्षांची असतानाच गेलेली. तापानं गेली, असंच मला सांगितलं होतं.

"जाळी बसवा म्हणून अर्ज देत होतो. मग छापाचं काम मलेच आलं. म्हटलं, चित्रात तरी जाळी काढून ठेवतो. रोज शिक्का मारतीन, रोज दिसंन. एखाद्या दिवशी कोणाले तरी लाज वाटंन."

पालिकेचा कारभार हिंदीत, म्हणून दुसऱ्या दिवशी मी हिंदीत पानभर अर्थ लिहिला, जाळीचा अर्ज जोडला आणि श्रियाला कडेवर घेऊन पालिकेत गेले. बाबूंनी वाचून चष्मा काढला.

"मॅडम, खुशीच्या पुस्तकात मरण कसं छापू? मंत्रीजी येऊन राह्यले."

"मग छापू नका. जाळी बसवा."

"हौ, पाहू ना. पावती घेऊन जा."

महिन्याभरानं समारंभ झाला. मामाजींना शाल दिली आणि स्मरणिकेतलं वाचून दाखवलं: चौकोन म्हणजे धानाच्या बांध्या, नगराच्या समृद्धीचं प्रतीक. ते शाल घेऊन घरी आले.

पर्समध्ये राहिलेली पावती ठेवायला मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत सुतळीनं बांधलेला पावत्यांचा गठ्ठा. सगळ्या त्याच अर्जाच्या. तळाच्या काहींवर शिक्क्यात नुसती अक्षरं. मग एकीपासून पुढे, निळ्या शाईत, विहीर आणि तिच्यावर जाळी. सगळ्यात वरची श्रियाच्या बारशाच्या आठवड्यातली.

माझी पावती मी तिच्यावर ठेवली. जाळी ठळक उमटली होती. सुतळी बांधता बांधता लक्षात आलं, मागून आवाज येत नाहीये.

मी धावले. कठडा जिथं ढासळलाय तिथं मामाजी खुर्ची आडवी टाकून बसले होते, खांद्यावर तीच शाल. श्रिया दाराशी काडीनं मातीत रेघा ओढत होती.

"जा, तुझं काम कर," ते म्हणाले. "मी आहो इथं."